शेजारचा ब्रेक

त्याचा पाय खाली गेला आणि खाली काहीच नव्हते. रबराची चटई होती, तिच्यावरच्या उभ्या रेघा होत्या, चटईखाली पत्रा होता. पण त्या जागी जे असायला हवे होते, त्याच्या पायाने जे वर्षानुवर्षे गृहीत धरले होते, ते नव्हते. त्याने टाच रोवून पंजा दाबला, आणखी दाबला, पोटरीत कळ येईपर्यंत दाबला, आणि गाडी आपल्याच नादात पुढे जात राहिली. पुढे पांढरे पट्टे होते. पट्ट्यांवरून एक वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडत होते. नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टांचे दोन हँगर त्यांनी चुरगळू नयेत म्हणून एका हाताने उंच धरले होते, आणि त्या रिकाम्या बाह्या वाऱ्यावर हलत होत्या. मग ताईने ब्रेक दाबला. उशिरा, पण दाबला. गाडी गचका खाऊन थांबली, मागच्या सीटवरची छत्री खाली घरंगळली, आणि त्या गृहस्थांचे गुडघे व बॉनेट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा उरली. ते ओरडले नाहीत. मोकळ्या हाताची बोटे मुडपून, कुणाचे दार वाजवावे तसे त्यांनी बॉनेटवर दोनदा टकटक केली. आणि पाहिले ते ताईकडे नव्हे. शेजारच्या सीटवर बसलेल्या त्याच्याकडे पाहिले. मग शर्ट सावरत ते पलीकडच्या फुटपाथवर चढले.

“थांबली की नाही?” ताई म्हणाली. “तू उगाच पांढराफटक पडलास.”

“फोन,” तो म्हणाला. एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला.

“अरे, किट्टूच्या आईचा मेसेज होता. सोमवारपासून डबा देऊ का विचारतेय. एक नजर टाकली फक्त. जमतं मला ते. तुझ्याबरोबर शिकताना काय कमी फोन यायचे? एकदा तरी गडबड झाली?”

झाली नव्हती. ती म्हणत होती ते अगदी खरे होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात त्याला उतरवून तिने हात हलवला, आरसा पाहिला, इशारा दिला, सगळे त्याने शिकवले होते तसे केले आणि ती रहदारीत मिसळून गेली. तिची ती जुनी, पण नव्याने घेतलेली निळी गाडी वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. ताई पाळणाघर चालवत असे. त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर मुलांनी ओढलेल्या रेघा, आणि दिवसभर वाजणारा फोन: झोपला का, जेवली का, ताप उतरला का. मुलांना शाळेतून पाळणाघरात आणणारा व्हॅनवाला गावी निघून गेला होता, आणि ताईने छातीठोकपणे सांगून टाकले होते की सोमवारपासून ती स्वतः आणील. चार पिल्लं, मागच्या सीटवर. त्यासाठीच तर ती गाडी शिकली होती, आणि शिकली होती त्याच्याकडून.

त्याला आपल्या पायाचा अभिमान होता. बोलण्यात तो कच्चा होता. लग्नकार्यात, बँकेच्या खिडकीशी, दुकानात सुटे पैसे मागताना त्याचे शब्द नेहमी वेळ निघून गेल्यावर येत. पण त्या लहानशा गाडीत, शेजारच्या सीटवर, जिथे शिकवणाऱ्यासाठी दुसरा ब्रेक बसवलेला असतो, तिथे तो बसला की त्याला शब्दांची गरज उरत नसे. स्कूलचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते शिकवताना अख्खी गाडी डोक्यावर घेत. ‘डोळे आहेत की बटणं?’ असे ते मोठमोठ्या अधिकाऱ्यांना विचारत, आणि त्यांचा ब्रेक म्हणजे शिकणाऱ्याच्या अंगावर पडलेला हंडा असे. त्याने ते कधीच केले नाही. तो ब्रेक मारत नसे. ब्रेकवर पाय ठेवत असे. रस्त्याची चढण, ओली जागा, पुढच्या गाडीच्या मनातले थांबणे, हे सारे त्याला तळपायातून उमगे, आणि शिकणारा बावरण्याच्या आधीच, त्याच्या अभिमानाला धक्का न लागू देता, वेग हळूच ओसरून जाई. दोन्ही पेडल गाडीच्या खालून एका दांड्याने जोडलेले असत. त्याने आपला पेडल दाबला की पलीकडे शिकणाऱ्याच्या पायाखालचा पेडलही तितकाच खाली जाई. त्या जोडणीत त्याला काहीतरी सुंदर वाटत आले होते. दोन अनोळखी माणसे, एकमेकांकडे न पाहता, जमिनीखालून एकमेकांना समजून घेत आहेत असे. शिकणारे त्याला मागून ‘मुके सर’ म्हणत, हे त्याला ठाऊक होते. पण मास्तरांकडे रडलेली माणसे त्याच्याकडे यायची आणि म्हणायची, ‘सर, तुमच्याबरोबर भीतीच वाटत नाही.’ एखाद्याला भीती न वाटू देणे यापेक्षा मोठी गोष्ट आपल्या हातून, किंवा पायातून, होणार नाही, असे तो मनाशी म्हणत असे.

आणि आज एका रिकाम्या चटईने त्याला प्रश्न विचारला होता. ताई म्हणाली, ‘एकदा तरी गडबड झाली?’ तो आठवू लागला. तिच्या शिकवणीतली दुपार, तिच्या ओच्यात ठेवलेला फोन, त्याची थरथर. तिची नजर खाली जायची. किती वेळ? एक श्वास घ्यायला लागतो तेवढा. त्या श्वासाएवढा रस्ता आंधळा व्हायचा, आणि त्या आंधळ्या रस्त्यावरून गाडीला कोण नेत होते? तिची नजर परत वर यायची तेव्हा पुढची बस पुरेशा अंतरावर असायची, सिग्नलपाशी वेग उतरलेला असायचा, आणि ती हसून म्हणायची, ‘गाडी समजूतदार आहे हं तुझी.’ तोही हसायचा. गाडीची स्तुती म्हणजे आपलीच, असे समजून मनातल्या मनात लाजायचा सुद्धा.

दुपारी त्याच्याकडे दातांच्या डॉक्टरणीची शिकवणी होती. ती गप्पिष्ट होती. दिवसभर माणसांची तोंडे उघडी ठेवून त्यांना बोलू न देणारी ही बाई गाडीत बसली की सगळ्यांच्या वाटचे बोलून घेई. गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने तिला नेले. तिथे रहदारी नसे. एका बाजूला पत्र्याची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण, आणि मध्ये एक उंच गतिरोधक, ज्याच्यावरचे पिवळे पट्टे झिजून गेले होते. या गतिरोधकावरून तिने कितीतरी वेळा गाडी अलगद नेली होती. ‘आता तर मला झोपेतही जमेल,’ असे ती म्हणे. आज ती तिच्या एका पेशंटची हकिगत सांगत होती, कवळी सांभाळायला जमत नाही म्हणून ती बायकोच्या पर्समध्ये ठेवणाऱ्या कुणा गृहस्थांची. आणि गतिरोधक जवळ येत होता. त्याने मान खाली केली. तिचा पाय त्याला दिसत होता. निळ्या कापडी बुटातला तो पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला, ब्रेकवर आला आणि तिथे टेकला. नुसता टेकला. एखाद्याने दाराच्या कडीवर हात ठेवावा आणि आतून कुणी दार उघडेल म्हणून थांबावे, तसा तो पाय तिथे थांबला. वाट पाहत होता. त्याच्या पायाची. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपला पाय मागे घेतला, टाच सीटखाली ओढून धरली. आणि गाडी जशीच्या तशी गतिरोधकावर चढली, दोघांची डोकी छताकडे उसळली, डिकीत काहीतरी आपटले, आणि मग कुठे तिने घाबरून ब्रेक दाबला.

“अगं बाई!” ती म्हणाली. केसांची पिन सैल होऊन कानावर आली होती. “सर, आज गाडीला काय झालंय? ब्रेक सैल झालाय का?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या चेहऱ्यावर अपराधाची पुसटशी रेघही नव्हती. ती खोटे बोलत नव्हती. ती प्रामाणिकपणे गाडीवर रागावली होती. कारण तिने नेहमी केले तेच आजही केले होते.

“बघायला सांगतो,” तो म्हणाला. आणि ‘ब्रेक नाही, मी’ हे शब्द, नेहमीप्रमाणे, ती उतरून गेल्यावर त्याच्या तोंडात आले.

गाडी स्कूलच्या आवारात लावून तो तिथेच बसून राहिला. त्याने शेजारच्या सीटवरून, हाताने, लांबचा पेडल दाबून पाहिला. त्याच्या पायाखालचा पेडल खाली गेला. मग आपला दाबला, लांबचा गेला. अगदी तंतोतंत. आता त्या जोडणीत त्याला काहीच सुंदर दिसेना. कोणता पाय आधी आणि कोणता मागून हे पेडलला कळत नाही, आणि पेडलवर टेकलेल्या पायालाही नाही. त्याच्या हाताखालून गेलेली सारी माणसे त्याला दिसू लागली, शहरभर, वेगवेगळ्या रस्त्यांवर, प्रत्येकाच्या शेजारची जागा आता रिकामी, आणि प्रत्येकाचा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला. त्यांतल्या कितीतरी जणांना पुढे रस्त्यानेच शिकवले असेल, गचके देऊन, पत्रे चेपून. बहुतेक माणसे शिकतातच. पण ताई परवा चार मुले मागे घेऊन निघणार होती. लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी तरी ब्रेक तिने स्वतः दाबला होता का? परीक्षक मागच्या सीटवर बसले होते, तो नेहमीच्या जागी होता, नियमाप्रमाणे हात मांडीवर ठेवून. त्या दिवशी आपण पाय लावला नव्हता, असे त्याला वाटत होते. नुसते वाटत होते. स्वतःच्या पायाची साक्ष काढावी, तर पाय गप्प होता. तोही आपल्या धन्यासारखाच मुका.

संध्याकाळी जेवायला तो आणि आई दोघेच होते. ताई खाली पाळणाघरात नव्या गाडीसाठी मुलांच्या उंचीच्या सीट तयार करण्याच्या खटपटीत होती. तिच्या हातोडीचा आवाज जमिनीतून वर येत होता. जेवणाचे टेबल जुने होते, त्याच्या शाळेच्या वयापासूनचे, आणि बाबा जाऊन इतका काळ लोटला तरी त्यांची खुर्ची भिंतीकडच्या बाजूला तशीच होती. बाबा तोंडाचे फटकळ. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासता तपासता जगातल्या प्रत्येक वाक्यात त्यांना खोट दिसू लागली होती, आणि दिसलेली खोट पोटात ठेवणे त्यांना माहीत नव्हते. तरी या घरात कधी मोठी भांडणे झाली नाहीत. लहानपणी एकदा त्याचा चमचा टेबलाखाली पडला आणि तो उचलायला वाकला, तेव्हा त्याला त्याचे कारण दिसले होते. वर बाबा काकांच्या नोकरीविषयी काहीतरी बोलण्याच्या बेतात होते, आणि खाली, अंधारात, आईचा अनवाणी पाय बाबांच्या पावलावर हळूच येऊन बसला. वर बाबांचे वाक्य अर्ध्यावर वळले. ते म्हणाले, ‘असो, ज्याचं त्याला ठाऊक.’ तो टेबलाखालीच बसून राहिला होता, त्या दोन पायांकडे पाहत. देवघरात चोरून डोकावावे तसे त्याला वाटले होते. जगात बोलल्याशिवाय सुद्धा थांबवता येते हे ज्ञान त्याला त्या दिवशी झाले, आणि पुढे त्याने त्याच्यावरच पोट भरले.

पण त्यानंतरची एक संध्याकाळ होती. ताईला पाहून गेलेली माणसे बोलणी पक्की करायला आली होती. आई आतल्या खोलीत तापाने फणफणत पडली होती. तिला उठायची सोय नव्हती. टेबलाशी बाबा, पाहुणे, ताई आणि कोपऱ्यात तो. मुलाचे वडील आपल्या नव्या घराचे वर्णन करत होते आणि बाबांच्या नाकपुड्या फुलू लागल्या. त्याने पाहिले, बाबांनी आपला उजवा पाय पुढे सरकवला होता, नेहमी ठेवत तिथे. ते क्षणभर थांबले. अगदी क्षणभरच, कुणाच्या लक्षातही आले नसेल. मग टेबलाखालून काहीच आले नाही, आणि वरून सगळे आले. नव्या घराच्या हप्त्यांपासून मुलाच्या चालण्यापर्यंत सगळे. पाहुणे पाणी न पिता उठले. बाबा रात्रभर आश्चर्य करत राहिले, ‘मला काय झालं होतं आज? मी असा नाही बोलत कधी.’ ताई आता ती गोष्ट रंगवून रंगवून सांगते, म्हणते, ‘बरंच झालं, त्याचं चालणं खरंच बदकासारखं होतं.’ पण त्या रात्री बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत होता. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून ताई नळ सोडून ठेवत असे.

“आई,” तो म्हणाला, “तू बाबांच्या पायावर पाय ठेवायचीस.”

आईने घास खाली ठेवला. मग ती ओठ दाबून हसली, चोरी पकडलेल्या मुलीसारखी. “तुला कसं रे माहीत?”

“माहीत आहे. त्यांना कधी सांगितलंस?”

“काय सांगायचं? की तुम्हाला मी सांभाळते? बरं दिसलं असतं ते!” ती पुन्हा जेवू लागली. “त्यांना वाटायचं, आपण फार मवाळ झालोय वयाबरोबर. चारचौघांत सांगायचे सुद्धा. म्हटलं, वाटू दे. माझं काय जातंय? पाय तेवढा दुखायचा थंडीत.”

“सांगितलं असतंस तर?”

“तर त्यांनी पायच बाजूला घेतला असता. मानी माणूस.”

“आणि मग?”

खालून हातोडीचे ठोके आले, थांबले, पुन्हा आले. “मग काय झालं असतं कुणास ठाऊक,” ती म्हणाली. “कदाचित शिकले असते. मी कधी पाय काढून बघितलंच नाही ना. धीरच झाला नाही.” आणि ताटाकडे पाहत, स्वतःशीच बोलल्यासारखी, “त्या दिवशी तापात मी आतून सगळं ऐकत होते. तिथून माझा पाय पुरेना.”

त्याला झोप लागली. आश्चर्य म्हणजे चांगली लागली. सकाळी जाग आली तेव्हा त्याच्या मनात भीती होती, पण ती वाट चुकलेल्या माणसाची भीती नव्हती. अवघड वळण समोर दिसू लागल्यावर चालवणाऱ्याला वाटते तशी होती. हिच्याशी त्याची जुनी ओळख होती. तिच्यात हात कापत नाहीत, उलट स्थिर होतात. आईचा पाय आतल्या खोलीपर्यंत पुरला नाही. त्याचाही निळ्या गाडीपर्यंत पुरणार नव्हता. पण आवाज पुरेल. आवाजाला पेडल लागत नाही.

रविवारच्या त्या ऊन पडलेल्या सकाळी ताई अंगणात गाडी पुसत होती.

“एक फेरी मारू,” तो म्हणाला. “उद्याच्या रस्त्याने. शाळेपर्यंत.”

“अरे वा! मुके सर स्वतःहून बोलले.” तिने फडके पिळले. “बस.”

तो मागचे दार उघडून मागे बसला. मुलांच्या सीट तिने एकावर एक रचून डिकीत ठेवल्या होत्या. त्याने पट्टा ओढून बांधला. तो मुलांच्या मापाला आवळलेला होता, छातीवर घट्ट बसला.

“हे काय? मी काय तुझी ड्रायव्हर आहे?”

“मुलं इथेच बसणार ना. मला बघायचंय त्यांना काय दिसतं ते.”

ताईने आरशातून त्याच्याकडे पाहिले आणि गाडी सुरू केली. मुलांना काय दिसणार होते ते त्याला दिसू लागले. समोर तिच्या डोक्याची मागची बाजू, त्यात खोचलेली पेन्सिल, जी ती नेहमी विसरत असे, दोन खांदे, आणि त्या खांद्यांच्या मधून, डॅशबोर्डवरच्या पकडीत अडकवलेला फोन. रस्ता फारसा दिसतच नव्हता. मुलांना रस्ता दिसणार नव्हता. त्यांना फक्त हे डोके दिसणार होते, आणि हे डोके पुढे पाहत असेल असा विश्वास ठेवून ती खिडकीवर बोटे ओढत बसणार होती. शाळेच्या रस्त्याला लागताच तीसचा फलक आला, लाल वर्तुळातले काळे आकडे. त्याला तो आकडा आवडत असे. तीसच्या वेगाला रस्त्यावरच्या माणसाला चेहरा असतो. पन्नासला नुसता रंग उरतो, एक हिरवा, एक तपकिरी. ताई पन्नासच्या जवळ होती. फोन उजळला. तिची पेन्सिल खोचलेली मान तिकडे वळली. त्याच्या पायाने, सवयीने, पुढच्या सीटची पाठ दाबून पाहिली.

“ताई, गाडी बाजूला घे.”

“काय झालं?”

“बाजूला घे. मला बोलायचंय.”

तिने गाडी एका बंद दुकानासमोर उभी केली आणि वळून पाहिले. मागच्या सीटवरून माणूस लहान दिसत असावा, कारण तिचा चेहरा लहान मुलाला विचारावे तसा झाला. “बरं नाही वाटत का?”

“शिकताना ब्रेक मी मारत होतो,” तो म्हणाला.

“कधी?”

“नेहमी. तू फोनकडे बघायचीस तेव्हा तर नेहमीच. तुझा पाय पेडलवर असायचा, पण दाबायचो मी. खालून दांडा असतो. तुला वाटायचं, तू दाबतेस.” शब्द येत होते, आणि वेळेवर येत होते, याचे त्यालाच नवल वाटले. “काल ते शर्टवाले आजोबा. काल माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता म्हणून उशीर झाला. तुला एका डोळ्याने फोन आणि एका डोळ्याने रस्ता जमत नाही, ताई. कुणालाच जमत नाही. दुसरा डोळा माझा होता.”

पुढे तोंड करून ताईने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. तिचे कान लाल झाले होते; बाबांचेही असेच होत असत. त्याला वाटले, आता नळ सुटणार. पण या घरात काहीतरी बदलले असावे, किंवा ती लहान मुलांमध्ये राहून बदलली असावी. कारण ती म्हणाली, “म्हणजे मी एवढे दिवस तुझ्या पायावर उभी होते?”

“हो.”

“आणि सगळ्यांना पेढे वाटत फिरले. पहिल्या फटक्यात पास! बाबांची लेक!” ती हसली, पण हसू मध्येच तुटले. “गधड्या, मग तोंड कशाला दिलंय तुला देवाने? एकदा ओरडला असतास! मास्तरांसारखं. मी रडले असते दोन दिवस आणि शिकले असते.” तिने मनगटाच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. “उद्या त्या चार पोरांना घेऊन मी... किट्टू तर व्हॅनमध्येही पट्टा काढून उभी राहायची रे.”

“म्हणूनच आज सांगतोय.”

फोन पुन्हा वाजला. कुणाच्यातरी आईचे नाव पडद्यावर उमटून थरथरू लागले. ताईने तो पकडीतून उपसला आणि न पाहताच मागे फेकला. तो त्याच्या मांडीवर येऊन पडला आणि तिथे वाजत राहिला.

“राहू दे त्याला तिथे,” ती म्हणाली. “उद्यापासून डिकीत. ज्याला विचारायचंय ते पोर घरी पोचल्यावर विचारेल.” तिने आरसा जरा हलवला. “तुझे पाय कुठे आहेत?”

“खाली.”

“वर घे. मांडी घाल. मला आरशात तुझे गुडघे दिसले पाहिजेत.”

त्याने बूट काढले, पट्ट्याखालून अंग चोरत सीटवर मांडी घातली. कितीतरी वर्षांनी चालत्या गाडीत त्याचे पाय जमिनीवर नव्हते. ते पोरके वाटत होते, जागा हरवल्यासारखे. त्याने ते हातांनी धरून ठेवले.

“आणि काही दिसलं तर तोंडाने सांगायचं. पाय नाही, तोंड.”

“बरं.”

ताईने इशारा दिला, मान वळवून मागे पाहिले आणि गाडी रस्त्यावर आणली. काटा तीसपाशी आला आणि तिथेच राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तिने खिडकीतून हात दाखवून त्याला जाऊ दिले आणि पुटपुटली, “जा बाबा, तुझं दूध उतू जातंय.” शाळेची भिंत सुरू झाली. त्या बाजूला एक टेम्पो उभा होता, पाठीमागे रंगाचे डबे रचलेला. त्याला टेम्पोच्या आरशात हालचाल दिसली. आतल्या माणसाचा खांदा वळला. दार उघडणार. त्याच्या मांडीतला पाय ताठला, सगळा जोर पोटरीत गोळा झाला, आणि तो जोर कुठे जाणार हे त्याला ठाऊक नव्हते. मग तो वर आला, छातीतून, गळ्यातून.

“ताई, दार!”

त्याचा आवाज गाडीभर झाला. आणि त्याच क्षणी, त्या शब्दाच्या आत कुठेतरी, गाडी थांबू लागली होती. गचका नव्हता. वेग हळूहळू उतरत गेला, पट्टा छातीवर आवळला, मान थोडी पुढे झुकली. टेम्पोचे दार उघडले, माणूस खाली उतरला, गाडीकडे पाहून त्याने ओशाळून हात वर केला आणि डबे उतरवायला मागे गेला. मध्ये भरपूर रस्ता शिल्लक होता. एक माणूस दोन हँगर घेऊन आरामात निघून जाईल एवढा.

तो आपल्या पायांकडे पाहत होता. ते दोन्ही त्याच्या हातांत होते. हे थांबणे त्याचे नव्हते. ते त्याच्या नेहमीच्या थांबण्यापेक्षा किंचित वेगळे होते, थोडे उशिरा सुरू होऊन शेवटी घट्ट होणारे, ताईच्या बोलण्यासारखे. आणि अशा, दुसऱ्याच्या, थांबण्यात आपण याआधी कधीच बसलो नव्हतो हे त्याच्या ध्यानात आले.

“दिसलं होतं मला,” ताई म्हणाली. आरशातून ती त्याच्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडेच बघत होती. “तुझ्या आधी दिसलं होतं.”

“असेल,” तो म्हणाला.

“असेल काय? होतं!”

त्याच्या मांडीवर फोन वाजून वाजून थांबला. ताईने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी शाळेच्या फाटकाकडे निघाली.